अण्णांच्या खात्याचं पेमेंट

मला राग लवकर येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पण त्या रविवारी मानवतच्या घरी आईनं माझ्यासमोर टॅब धरला आणि म्हणाली, "बघ बरं बाई, हे उघडनाच झालंय," तेव्हा मी मुळीच चिडले नव्हते. नेट गेलं असेल, असं वाटलं. पडद्यावर अण्णांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं ओळीनं दिसत होती. एकावर बोट ठेवलं तर पान उघडायच्या ऐवजी पट्टी आली, की पेमेंट होऊ शकले नाही, पेमेंटची पद्धत बदला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की मुदतीत पैसे भरले नाहीत तर खातं बंद होईल आणि त्यातली टिपणं, खुणा, सगळं पुसलं जाईल.

"पैसे भरायचे राहिलेत नुसते. आत्ता भरते," मी म्हणाले. आई निवांत चहा टाकायला गेली.

अण्णा म्हणजे माझे वडील. एका जिनिंगमध्ये कारकुनी केली त्यांनी, कापसाच्या गाठी मोजण्यात उमर गेली. नोकरी संपली आणि वाचायला वेळ मिळाला, तर डोळे अधू झाले. छापलेलं पुस्तक दिसेना. मग मी हा टॅब घेऊन दिला आणि वाचायचं एक ॲप लावून दिलं, वर्षाचे पैसे भरा आणि पाहिजे तितकी पुस्तकं वाचा असलं. अक्षर एवढं मोठं करायचे, की एका पानावर जेमतेम चार ओळी मावायच्या. त्यात त्यांना एक नाद लागला. पटलं की त्या ओळीवर बोट ओढून पिवळी रेघ मारायची, आणि पटलं नाही तरी मारायची. मग खाली दोन शब्द लिहायचे. ज्वारीच्या काढणीचं वर्णन होतं एका कादंबरीत, तिथं त्यांनी लिहिलं होतं, "लेखक रानात गेलेला दिसत नाही."

लिहायचे तेवढंच. बोलायला म्हणाल तर अण्णा म्हणजे मुका माणूस. आईशी त्यांचं सगळ्या संसाराचं बोलणं चहा, जेवण आणि "येतो" यात आटपायचं. भांडण नव्हतं, काही नव्हतं, स्वभावच तसा.

ते गेले त्याच्या थोडंसंच आधी त्यांनी पुढच्या वर्षाचे पैसे भरले होते. म्हणून ते गेल्यावरही ॲप बिनबोभाट चालू राहिलं. मी परभणीला राहते, नोकरी तिथंच, रविवारी एसटीनं मानवतला यायचं. दर रविवारी बघावं तर आई दुपारची कामं उरकून टॅब घेऊन बसलेली, ओठ हलवत, ओळीखाली बोट फिरवत. मला भलतंच कौतुक वाटलं. सातवी शिकलेली बाई, आता पुस्तकं वाचायला लागली, असं मी ऑफिसात सांगितलंसुद्धा. एकदा विचारलं, कोणतं पुस्तक आवडलं तुला. ती माझ्याकडं बघून हसली.

"मी कुठं पुस्तक वाचायले बाई. मी ह्यांच्या रेघा वाचते."

मग तिनं मला एक पान दाखवलं. अंबाडीच्या भाजीबद्दल काहीतरी होतं तिथं. खाली अण्णांचं टिपण होतं, "आमच्या घरी यात शेंगदाणे घालतात. तेच बरोबर." आई म्हणाली, "एवढी वर्सं खाल्ली भाजी, एकदा तोंडानं म्हणले न्हाईत. इथं लिव्हून ठिवलंय बघ." मी बघितलं, हो म्हणाले, आणि स्टँडवर पळाले, कारण शेवटची गाडी चुकली असती. त्या पानाची मला तेव्हा काही एवढी किंमत वाटली नाही.

तर हे सगळं त्या पेमेंटच्या पलीकडं अडकून पडलं होतं. माझं कार्ड होतं, खात्यात पैसे होते, द्यायची तयारी होती. रक्कमही अगदीच किरकोळ. पण अण्णांचं बँकेतलं खातं आम्ही ते गेल्यावर बंद केलेलं, आणि नवं कार्ड लावायचं तर ॲप म्हणे आधी तुमच्या नंबरवर आलेला ओटीपी टाका. तुमच्या म्हणजे अण्णांच्या. ईमेल त्यांनी दिलाच नव्हता.

"अण्णांचा मोबाईल कुठाय?" मी विचारलं.

आई कप धुवायची थांबली. "दान दिला न्हाई का आपण."

हे माझ्या ध्यानातूनच गेलं होतं. तेराव्याला शय्यादान करतात आमच्याकडं, गेलेल्या माणसाच्या रोजच्या वस्तू गुरुजींना द्यायच्या. गादी, उशी, छत्री, काठी, चप्पल. त्या दिवशी सगळं मांडून झालं आणि आई आत जाऊन मोबाईल घेऊन आली. म्हणाली, ह्यांच्या हातातून हा कधी सुटला न्हाई, जीव अडकून ऱ्हाईल, हे बी द्या. भावकीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. टॅब तेवढा राहिला, कारण तो मी दिलेला होता आणि लेकीकडून आलेली वस्तू दान करायची नसते म्हणे. सिमकार्ड काढून घ्यावं हे एवढ्या माणसांत एकालाही सुचलं नाही. काय म्हणावं आम्हाला.

गुरुजी वालूरचे. पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी एकटीच गेले. भला माणूस. मला बसवलं, पाणी दिलं, चहाला आग्रह केला. मोबाईलचं नाव काढलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, खोटं कशाला बोलू. तो मी सेलूला विकला. आमी ठेवत न्हाई त्या वस्तू, घरात किती ठेवणार?"

"मोबाईल नको मला, गुरुजी. आतलं कार्ड पाहिजे. सिमकार्ड."

त्यांनी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाले, "कार्ड मी काढलं होतं आधी. पण त्यात त्यांचा नंबर, त्यांची माणसं. असंच कुणाच्या हातात जाऊ द्यायला मन झालं न्हाई. दुधना नदीत सोडलं. हात जोडून सोडलं, ताई."

चिडायलासुद्धा जागा ठेवली नाही त्यांनी. त्यांना वाटलं, आपण लय चांगलं काम केलं, आणि खरं सांगायचं तर केलंही होतं. मी चहा घेतला आणि फाट्यावर येऊन गाडीची वाट बघत उभी राहिले. डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते धुळीनं आलंय असं दाखवत राहिले, कुणी बघत नव्हतं तरी.

कार्ड गेलं तर गेलं, नंबर तर असेल, त्याच नंबराचं नवं कार्ड काढू, असं मनाशी धरून मी मोबाईल कंपनीच्या दुकानात गेले. तिथल्या मुलीनं बघून सांगितलं, की बरेच दिवस रिचार्ज नाही म्हणून नंबर बंद झाला आणि आता तो दुसऱ्या कुणाला दिलाय. बाहेर येऊन मी तो नंबर लावला. माझ्या मोबाईलवर अजून "अण्णा" असंच नाव होतं. रिंग गेली. कुणीतरी उचलला आणि बाईच्या आवाजात "हॅलो, कोण?" आलं. वर्षभरानं अण्णांच्या नावावरून माणूस बोललं होतं आणि ते अण्णा नव्हते.

मी तिला सगळं नीट सांगितलं. हा माझ्या वडलांचा नंबर होता, ते वारले, आता तुमच्याकडं एक ओटीपी येईल, तेवढा वाचून दाखवा. ऐकता ऐकता तिचा आवाज बदलला.

"ओटीपी कुणाला सांगायचा न्हाई, ताई. आमच्या बचत गटाच्या मीटिंगमध्ये मॅडमनी सांगितलंय. असंच रडून मागतात म्हणं."

"अहो, मी खरंच..."

"दुसरं कुणी बघा," म्हणाली आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर लागेना. ब्लॉक केलं मला. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण त्या वेळी रस्त्यात उभी राहून मी त्या बाईला नाही नाही ते बोलले, मनातल्या मनात.

मुदत संपत आली होती. ॲपच्या मदतीच्या खिडकीत मी रोज लिहायची आणि रोज तेच साच्यातलं उत्तर यायचं, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. कप्पाळ समजू शकतात. इकडं आई रोज फोन करून एकच विचारायची, "झालं का गं?" आणि मी रोज म्हणायची, "होतंय." शेवटी मी माझा नंबर देऊन लिहिलं, की मला माणसाशी बोलायचंय. आणि खरोखर फोन आला. रविवार होता, आम्ही सगळे मानवतलाच होतो. माझे यजमानही आले होते.

मी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडचा मुलगा मराठीच बोलत होता, आवाज गोड. म्हणाला, एवढंच ना मॅडम, खातेदारांना फोनवर द्या, त्यांनी नाव आणि जन्मतारीख सांगितली की मी नंबर बदलून देतो, लगेच पेमेंट करा.

इतकं सोपं होतं. मी यजमानांकडं बघितलं. त्यांना इशारा कळला. अण्णांची जन्मतारीख मी त्यांच्या तळहातावरच लिहिली. त्यांनी घसा साफ केला आणि फोन हातात घेतला.

"सर, आपण स्वतः खातेदार बोलताय ना?" त्या मुलानं विचारलं.

आई दारात उभी होती. ती कधी आत आली कळलं नाही. तिनं जावयाच्या हातातून फोन काढून घेतला. जावयासमोर पदर सावरल्याशिवाय न बोलणारी बाई ही.

"न्हाई," ती म्हणाली. "ते वारले. वरीस झालं. हे आमचे जावई हायेत."

मग तो मुलगा "सॉरी, मॅडम" म्हणाला, आणि अगदी मऊ आवाजात सांगायला लागला, की खातेदार हयात नसतील तर खातं बंद करावं लागतं, त्यांची टिपणं दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत, घरच्यांनाही नाही. नियम आहे. मी फोन हिसकावून घेतला. विनवण्या केल्या, मग भांडले, मग पुन्हा विनवण्या केल्या. तो म्हणाला, मॅडम, आता मला कळलंय ना, मी काय करू? तुमच्या आईंच्या नावानं नवीन खातं काढून देतो, पहिला महिना फ्री देतो.

फोन ठेवला आणि मी आईवर तुटून पडले. "काय बिघडलं असतं गं? दोन मिनिटांचं काम होतं. एक खोटं बोललं तर कुणाचं काय जाणार होतं?"

"दुसऱ्या माणसानं ह्यांचं नाव सांगायचं, मीच तो म्हणायचं, आन् मी हितं उभं ऱ्हाऊन ऐकायचं?" आई म्हणाली. "माझ्यानं न्हाई व्हायचं."

"मग गेलं ना सगळं. मिळालं का काही?"

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला ते तोवर कळलंच नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं. "सगळं गेलं?" तिनं विचारलं. यजमान उठून ओसरीत गेले. मला माझ्या जिभेची शिसारी आली, पण बोललेलं परत घेता येत नाही.

नवं खातं झालं. माझं कार्ड लावलं, पेमेंट एका झटक्यात झालं, एवढे दिवस ज्यानं बेजार केलं ते. सगळी पुस्तकं परत आली. मी टॅब आईच्या हातात दिला. तिनं एक पुस्तक उघडलं आणि पानं सरकवत गेली. दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. पांढरी पानं, काळी अक्षरं, पिवळं कुठंच काही नाही. मी म्हटलं, आई, राहू दे आता. तिनं ऐकलं नाही.

एका गोष्टीवर ती थांबली. त्यात एक बाई स्टँडवर पोरं घेऊन नवऱ्याची वाट बघत बसलेली असते. आईनं ते पान मोठं केलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

"हितं व्हतं," ती म्हणाली. "हितं माझ्यावर लिव्हलं व्हतं त्यांनी. चांगल्या दोन-तीन ओळी व्हत्या."

"काय लिहिलं होतं?"

ती आठवायला लागली. ओठ हलले, थांबले, परत हलले. मी वाट बघितली. मला ते पान तिनं कधी दाखवलं नव्हतं, त्यामुळं मला सांगता येण्यासारखं काही नव्हतं.

"रोज बघायला मिळायचं गं," आई म्हणाली. "म्हणून पाठ न्हाई केलं मी."