ओट्याला पाणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हंजे दाराशेजारचा ओटा. जुना तडकला होता. म्या तो घणानं फोडला अन् बायकोनं तुकडे हातोडीनं बारीक केले. मिस्त्रीनं सांगितलं होतं, जुनं काँक्रीट फेकू नका, अर्धी खडी त्याचीच घाला. प्लास्टिकच्या धाग्यांची पुडी कालवा, मंग तडे कमी जातील.

धागे कालवताना ती म्हणली, "सासूबाई मातीत भुसकट घालायच्या, तेच न्हाई का हे? हे इकत कायला आणलं?"

ओटा घोटला तर वर धाग्यांचे केस निघाले. ती खदखदा हसली. "तुमच्या दाढीवानी झाला की हो! सकाळी पाणी मारा बराबर, न्हाईतर हाबी तडकंल. तुम्हाला काय, इसरायची सवय."

दिवेलागणीला तिच्या छातीत कळ आली. जालन्याच्या वाटेवर, रिक्षातच ती गेली. पोरगी दुरून यायची होती, म्हणून बायकोला माघारी आणून रातभर घरातच ठेवली.

सकाळी अंगण माणसांनी भरलं. मला एका जागी बसवंना. आत जायचो, तिचं तोंड बघायचो, परत बाहेर यायचो. उन्हं ओट्यावर आली तशी म्या बादली उचलली.

धाकटा भाऊ म्हणला, "दादा, पोरगी आली. तिरडी बांधून झाली. हे काय करून राह्यले?"

"थांब म्हणलं ना!"

म्या ओट्यावर गोणपाट हातरलं, ते कोपऱ्यापर्यंत भिजवलं, अन् मंगच तिला उचलू दिलं.