हाफीजभाईंचा लुकमा

विसरण्याचे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. म्हातारपण आलं की ते हरळीसारखे आपोआप पसरतात! आमच्या राजुरीच्या हाफीजभाईंचंच बघा. अख्खं कुराण तोंडपाठ म्हणून हाफीज, पण सकाळी चहा घेतला का, ते आठवत नाही! मी त्यांचा जुना सोबती. शाळा पाहिली नाही, शेरडं राखली. पण हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

*

गेल्या रमजानात आळेफाट्यावर भाईंनी वडापाव घेतला आणि अर्धा खाल्लासुद्धा! गाडीवाला नामदेव ओरडला, "चाचा, तुमचा रोजा हाय ना?"

भाईंनी तोंडातला घास काढून टाकला. शांतपणे म्हणाले, "विसरून खाल्लं तर रोजा मोडत न्हाई. अल्लाहनंच खाऊ घातलं समजायचं."

नामदेव हळहळला, "मग मी जरा उशिरा बोलायला पायजे व्हतं, राव!"

*

शेजारच्या शेतातल्या बबनशी बांधावरून भाईंचं कैक वर्षं बोलणं बंद. एकदा वाटेत भाईंनी त्याला मिठीच मारली, "बबनभाऊ, लई दिसांनी! घरी या की!"

बबन माझ्याकडे येऊन डोकं धरून बसला. "हे तर भांडण इसरले! आता मी एकट्यानं कसं भांडू?"

*

मुलगा सलीम त्यांना मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. मीही गेलो. बाईंनी तीन शब्द सांगितले: आंबा, घड्याळ, एसटी. थोड्या वेळानं विचारले, तर भाई म्हणतात, "कुठले शब्द?"

"बरं, कुराणातलं काही म्हणा." भाई सुरू झाले ते थांबेचनात! बाहेरचे पेशंट दारात जमले!

बाई म्हणाल्या, "रोज घोकलेलं खोल रुजतं, आजोबा. कालचं वरवर राहतं, तेच आधी उडतं."

भाई म्हणाले, "आमच्यात सांगतात, पाठांतर म्हंजे उंट. रोज बांधला न्हाई तर पळतो."

"मग फी तुम्हीच घ्या!" बाई हसल्या.

*

यंदा रमजानच्या रात्रीच्या तरावीह नमाजेत कुराण म्हणायला सलीम उभा राहणार होता. पहिल्यांदाच! म्हणणारा अडला, तर मागून दुसरा हाफीज पुढचे शब्द देतो. त्याला आम्ही लुकमा देणं म्हणतो, घास भरवावा तसा. भाई हट्टाला पेटले, "मागं मीच उभा राहणार!"

सलीम मला म्हणाला, "चाचा, अब्बांनी भलतंच सांगितलं तर? गावासमोर त्यांचं हसं व्हईल."

पण बापाला नाही कोण म्हणणार?

मी भाईंच्या शेजारीच उभा. सलीम झकास म्हणत होता आणि एकदम अडला! मागची आयत पुन्हा म्हटली, पुन्हा तिथंच अडला. तेवढ्यात शेजारून खणखणीत आवाज आला. भाईंचा! सलीमनं शब्द उचलले आणि गाडी सुटली!

नमाज झाल्यावर त्यानं बापाचे हात धरले. "अब्बा, आज तुमी वाचवलं!"

भाई माझ्याकडे वळले. "हा काय म्हणतो? आज तर पोरगं कुठंच अडलं न्हाई!"