काकींच्या वतीनं

सांगलीत एका गुळाच्या वखारीच्या माडीवर पेठेतल्या लोकांनी वाचनालय चालवलं होतं. पगारी माणूस कुणी नव्हता. ज्याला जमेल त्यानं संध्याकाळी येऊन बसायचं, पुस्तकं द्यायची-घ्यायची, जाताना झाडून कुलूप लावायचं. अंजनाकडे मंगळवार आणि शुक्रवार असायचा. ती नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. नवरा जालिंदर मिरजेला रेल्वेत होता. छप्पन साली तिच्या वडिलांनी अख्ख्या घरासह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. तिला वाचनालयात घेताना काहींनी तोंडं वाकडी केली, पण चिटणीस भाऊसो म्हणाले, "शिकलेली बाई हाय, येऊ द्या." ते ती विसरली नव्हती.

म्हाताऱ्या माणसांना माडीचा जिना चढवत नाही, हे तिच्याच ध्यानात आलं. त्रेसष्टच्या दिवाळीनंतर ती पिशवीत पुस्तकं घालून घरोघर जाऊ लागली. ज्यांना दिसत नव्हतं त्यांना वाचून दाखवायची. वाचता वाचता कुणाच्या पाठीला उशी लावून दे, कुणाच्या औषधाची बाटली संपलीय का बघ, असं चालायचं.

पहिलं घर भाऊसोंचंच होतं. त्यांच्या आई लक्ष्मीबाई, त्यांना लेकासकट सगळे काकी म्हणत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पहिल्या दिवशी सुनेनं अंजनाला कान तुटलेल्या कपात चहा आणला. काकींना धूसर दिसायचं, पण तेवढं बरोबर दिसलं. त्यांनी आपली कपबशी अंजनापुढं सरकवली आणि तुटका कप स्वतः तोंडाला लावला. सून आत गेली. त्या दिवसापासून अंजनाचा काकींवर जीव जडला.

काकींची लेक आक्काताई तासगावला दिलेली. एका लग्नात मानपानावरून भाऊसोंचं आणि मेहुण्याचं वाजलं, तेव्हापासून येणं-जाणं बंद होतं. एके दिवशी अंजनानं पुस्तक मिटलं तशी काकींनी तिचा हात धरला.

"अंजना, माझं एक काम करशील? पंधरा दिस लेकीकडं जाऊन येते म्हनावं भाऊसोला. त्येच्याम्होरं माझं तोंडच उघडत न्हाई बग. तू शाळंची बाई हाईस, तुझं ऐकंल."

"काकी, ही घरातली गोष्ट. मी कशी बोलू?"

"माझ्या वतीनं बोल. मी हाय की हितंच बसलेली."

जालिंदर म्हणाला, "मोठ्या घरच्या भानगडीत पडू नगंस." अंजनानं बरेच दिवस टाळलं. पण काकी दर खेपेला विचारायच्या आणि डोळ्याला पदर लावायच्या. शेवटी एका दुपारी भाऊसो दुकानातून जेवायला आले तेव्हा ती उठून उभी राहिली.

"भाऊसो, रागावू नका. काकींना तासगावला जायचंय. तुम्हाला सांगायला त्या बिचकतात."

भाऊसो टोपी काढत होते, हात तसाच राहिला. "काय गं काकी? तू म्हणालीस असं?"

काकींनी पदर पुढं ओढला. "मी? मी कशापायी म्हणीन? माझं हितं काय वंगाळ चाललंय? हीच रोज इच्यारती, लेक येती का, लेक येती का. हिनंच माझ्या डोस्क्यात भरवलं."

अंजनाला वाटलं, आपलं बोलणं त्यांना नीट ऐकू गेलं नाही. "आवं काकी, तुम्हीच नाही का..."

"न्हाई बाई. उगं खोटं बोलू नगंस."

भाऊसो ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमाला घरात घेतलं ते वाचायला. घर फोडायला न्हाई." स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सून येऊन उभी राहिली होती. अंजनानं पुस्तक पिशवीत कोंबलं आणि पायरी उतरली.

रविवारी वाचनालयाची बैठक झाली. पुस्तकं घरोघर नेल्यानं घरात भांडणं लागतात, तेव्हा ते बंद, असं भाऊसोंनी मांडलं. समोर लालासाहेब बसले होते. त्यांचे वडील न्हाणीत पडले तेव्हा अंजनाच त्यांना टांग्यात घालून दवाखान्यात घेऊन गेली होती.

"लालासाहेब, तुम्ही तरी सांगा."

"चिटणीस म्हणतात म्हणजे काहीतरी असंल," लालासाहेब खाली बघत म्हणाले. मंगळवार-शुक्रवारही बाकीच्यांनीच बघायचे, असं ठरलं. तिनं किल्ली टेबलावर ठेवली.

घरी तिनं सगळं सांगितलं. जालिंदरनं 'मी म्हणालोच होतो' असं म्हटलं नाही, चहाला आधण ठेवलं. "म्हातारी भ्याली असंल," तो म्हणाला.

"मलापण भीती होतीच की," अंजना म्हणाली. "तरी मी बोलले."

पुढच्या उन्हाळ्यात ती शाळेतल्या एका मुलीला घेऊन सिव्हिलमध्ये गेली होती. डोळे तपासायच्या रांगेत काकी बसल्या होत्या. अंजना कंपाउंडरशी बोलत होती, त्या आवाजावरून काकींनी ओळखलं आणि चाचपत तिचं मनगट पकडलं.

"अंजनाच न्हवं? राग धरू नगं गं. तू सांच्याला तुझ्या घरी जाणार. मला त्याच घरात मरायचं हाय."

"मग मला पुढं कशाला केलंत, काकी?"

तेवढ्यात मागून सुनेच्या बांगड्या वाजल्या. काकींनी मनगट सोडलं आणि मोठ्यानं विचारलं, "कोन बाई हो तुमी?"

अंजना मुलीचा हात धरून निघाली. काकींचं भय तिला कळत होतं. ते कळून तिच्या मनातलं काही हलकं झालं नाही. वाटेत मुलगी म्हणाली, "बाई, हात दुखतोय." तेव्हा कुठं तिनं मूठ सैल केली.

सहासष्ट सालापासून अंजना आपल्या वस्तीतल्या समाजमंदिरात दर रविवारी म्हाताऱ्यांना वाचून दाखवू लागली. शाळेतल्या लोकांकडून पुस्तकं मागून आणायची. माणसं जमायची, हसायची, डोळे पुसायची. तिथला गुंडा नावाचा म्हातारा म्हणायचा, "बाई वाचत्यात झ्याक, पर वाचून झालं की दोन शबुद बोलत न्हाईत."

एका रविवारी बयाबाई मागं थांबली. मुलगा म्हशी विकायला निघाला होता आणि तिला त्या विकायच्या नव्हत्या. "बाई, माझ्या ल्योकाला जरा समजावून सांगा की. तुमचं ऐकंल त्यो."

"मी वाचायला येते, बयाबाई," अंजना म्हणाली आणि सतरंजी झटकू लागली.

बयाबाई काठी टेकत गेली. अंजनाला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण पुढच्या रविवारीही वाचून होताच ती चपला घालून उठली.