बॉनेटवरचा हात

मंडळी, मागच्या आठवड्यात मी आपल्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर वडूजच्या एका जीपचा सत्तरच्या दशकातला फोटो टाकला होता. मॉडेल कुठलं, यावर आपण दोन दिवस वाद घातला.

आज त्याची प्रिंट घेऊन त्या जीपच्या ड्रायव्हरच्या घरी गेलो. ते आता हयात नाहीत. त्यांच्या बायकोने चष्मा लावून फोटो बराच वेळ न्याहाळला.

"आरं बाबा, गाडी हाय, पर आमचं मालक कुठं हायती? बॉनेटवर हात ठिवून हुबं हुतं की."

जीप नीट दिसावी म्हणून ड्रायव्हरला फोटोतून मीच कापलं होतं.

मग मोबाईलवर अख्खा फोटो दाखवला. त्यांनी तळहाताने जीप झाकली आणि उरलेला फोटो बघत बसल्या.

अख्खा फोटो खाली देतोय. मॉडेलचं नंतर बघू. तुम्ही कुणाकुणाला कापलंय?