नोटीस घेऊन येणारी मावशी

"आधी चपला," असं स्वतःशीच म्हणत बाई पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसायच्या, तपकिरी बूट काढायच्या आणि पिशवीतल्या साध्या चपला पायात सरकवायच्या. साडी त्याआधीच नेसून झालेली असायची. त्या हवालदार होत्या. धाराशिव जिल्ह्यातल्या एका ठाण्यात कोर्टाच्या नोटिसा पोचवायचं काम त्यांच्याकडं होतं. मी त्याच भागातला वकील.

तुम्ही म्हणाल, नोटीस द्यायला एवढं सोंग कशाला? सांगतो. लहान मुलीवर अत्याचार करणाऱ्याला आमच्या जिल्हा कोर्टात शिक्षा झाली, की तो हायकोर्टात अपील करतो. मला निर्दोष सोडा, निदान शिक्षा कमी करा, आणि निकाल लागेपर्यंत जामीन द्या. तो त्याचा हक्क आहे, माझी तक्रार नाही. मुलीचंही म्हणणं ऐकायचं असतं, म्हणून तिच्या घरी नोटीस जाते. पण ती नेणार पोलीस, आणि दारात वर्दी दिसली की अख्खी गल्ली विचारणार, काय झालं? म्हणून बाई वाट वाकडी करून तुळजापूरला उतरायच्या, देवीचा प्रसाद घ्यायच्या आणि पाहुणी होऊन जायच्या. प्रसाद घेऊन आलेल्या बाईला आमच्याकडं कुणी उलटं विचारत नाही.

चपलांचा नेम एका फजितीनंतरचा. परंड्याकडच्या एका गावात त्या साडी नेसून उतरल्या, पायात मात्र बूट तसेच. स्टँडवरच्या चहावाल्यानं विचारलं, "फौजदारबाई, कुणाकडं?" त्यांनी चहा घेतला आणि आल्या एसटीनं परत फिरल्या. ही गोष्ट त्या स्वतःच सांगायच्या आणि पोट धरून हसायच्या. मी हसलो की मात्र डोळे वटारायच्या.

एकदा सास्तूरच्या पुढच्या एका गावी एका मुलीची नोटीस घेऊन जायचं होतं. खटल्याच्या वेळी त्या मुलीच्या बाजूनं मी काम पाहिलं होतं, म्हणून मलाही सोबत घेतलं. "कोट न्हाय, काळी बॅग न्हाय. आज तुम्ही माझे जावई," असा हुकूम झाला. त्यांना नाही म्हणायची सोय नसायची.

मायलेकी खटल्यानंतर स्वतःचं गाव सोडून इथं राहायला आल्या होत्या. आम्हाला बघून आईचा चेहराच उतरला. तेवढ्यात शेजारची म्हातारी आलीच. "कोण पाव्हणं म्हणायचं?" बाईंच्या हातात देवीच्या प्रसादाची पुडी होती. आतून मुलीचा आवाज आला, "माझी मावशी हाय, तुळजापूरची."

बाईंनी म्हातारीच्या हातावर प्रसाद ठेवला. म्हातारीनं मला विचारलं, यंदा सोयाबीन कसं? मी म्हणालो, होईल दोन-तीन पोती. एकरी का सगळं मिळून, असं तिनं विचारल्यावर बाई मधे पडल्या, "त्यास्नी शेतीतलं काय कळत न्हाय. दुकान हाय त्यांचं."

म्हातारी गेल्यावर नोटीस बाहेर निघाली. आई म्हणाली, "जज्जसाहेबांनी शिक्षा दिली की. आता पुन्ना कशाला उकरायचं?"

"आपण नाही उकरत," मी म्हणालो. "त्यानं अपील केलंय."

"म्हंजी सुटंल त्यो?"

"सुटूही शकतो. म्हणून तुमचं म्हणणं कोर्टापुढं गेलेलं बरं."

"इथं कुणाला काय म्हाईत न्हाय. पुन्ना गाव सोडायचं बळ न्हाय माझ्यात. न्या तो कागद."

"मी बळजबरी करणार न्हाय," बाई म्हणाल्या. "पर पोरीला तर इचारा."

मुलगी नुकतीच अठराची झाली होती. ओले हात पुसत बाहेर आली. "मला त्याच्यासमोर उभं राहावं लागंल?"

"नाही. तुझ्या वतीनं हायकोर्टातला वकील बोलेल. नावही कुठं येणार नाही."

"मग सही कुठं करू?"

परतीच्या एसटीत बाई "लई धीराची पोर हाय," एवढंच म्हणाल्या आणि तोंड खिडकीकडं केलं.

त्याचा जामीन नाकारला गेला. अपील मात्र पडून राहिलं. बाई नोटीस नसतानाही त्या घरी प्रसाद घेऊन जाऊ लागल्या, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "मावशीला काय समन्स लागतंय व्हय?"

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

अपिलाचा निकाल उन्हाळ्यात लागला. फोनवर सांगता आलं असतं. पण बाईंच्या वहिवाटीप्रमाणं तुळजापूरला उतरलो, प्रसाद घेतला आणि गेलो. मुलीनं दार उघडलं, माझ्यामागं रस्त्याकडं पाहिलं. "मावशी न्हाय आल्या?"

बाई गेल्याचं मायलेकींना कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं, आणि ती उंबऱ्यातच खाली बसली. तिचा हुंदका ऐकून म्हातारी धावत आली. "काय झालं गं?"

"मावशी गेली."

मग काय, गल्लीतल्या बायका जमल्या. तुळजापूरची मावशी सगळ्यांच्या ओळखीची, सगळ्यांनी तिच्या हातचा प्रसाद खाल्लेला. "जावईबापू, कवा झालं हे?" म्हणत म्हातारी माझ्यापुढं बसली. मीही सुतकातल्या माणसासारखा मान खाली घालून बसलो, आणि खरं सांगतो, त्यात सोंग काही नव्हतं. या घरात आज चूल पेटायची नाही म्हणून कुणीतरी पिठलं-भाकरी आणली. निकाल माझ्या पिशवीत तसाच.

भाकरी वाढताना मुलगी वाकली आणि पुटपुटली, "त्याचं काय झालं?"

"फेटाळलं. शिक्षा कायम."

तिनं मान हलवली, माझ्या ताटात पिठलं वाढलं आणि पुन्हा रडायला लागली, या वेळी मोठ्यानं. आई उठायला लागली, तर म्हातारीनं तिचा हात धरून खाली बसवलं.

"रडू दे तिला," म्हातारी म्हणाली. "लई जीव होता मावशीचा तिच्यावर."