मुरमाखालचा व्हॉल्व्ह

सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि ते सोडणारा चावीवाला मी. बावीस वर्षं हेच काम. रस्त्याखाली कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे, हे मला डोळे मिटून सांगता यायचं. मग दारूने धरलं. ती सुटून चार महिने झाले, तरी डोक्यातल्या गल्ल्या परतल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, "काही आठवेल, काही नाही." मी आतून पार खचलो. काम जाईल म्हणून कुणाला कळू दिलं नाही, बायकोलाही नाही. थापा मारण्यात मी आधीपासूनच पटाईत.

त्या गुरुवारी सकाळी एका गल्लीत गेलो. दोन तासांत व्हॉल्व्ह उघडला नाही, तर पाणी पुढच्या भागाला वळणार आणि ही गल्ली आणखी पाच दिवस कोरडी राहणार. दारोदार घागरी मांडलेल्या. रस्त्यावर नुकताच मुरूम टाकलेला, झाकण कुठेच दिसेना. एकाच जागेवरून तीनदा गेलो. बायका विचारू लागल्या तेव्हा "वरूनच प्रेशर नाही" असं धडधडीत खोटं बोललो. मग भिंतीला टेकून मनात म्हणालो, स्वामी, माझं डोकं रिकामं झालंय, आता तुम्हीच बघा. पिऊन गटारीत पडलो होतो तेव्हाही इतकं असहाय वाटलं नव्हतं.

"मामा, काय हुडकायलाव?" हातभर हिरवा चुडा भरलेली एक नवी सून विचारत होती. का कोण जाणे, तिला खरं सांगितलं, "व्हॉल्व्ह कुठाय ते विसरलो, बाई. दारूनं डोकं गेलं."

ती हसली नाही. विजेच्या खांबापासून चार पावलं चालली, खाली बसली आणि हातानेच मुरूम सारू लागली. झाकण निघालं. त्यावर पुसटसं हळदकुंकू होतं.

"लगीन होऊन आले तवा सासूबाईंनी पयलं हितं पाणी पुजायला लावलं. मला ह्या गावात आजून येवढी एकच जागा ठावं हाय की."

माहेर विचारलं, तर म्हणाली, "अक्कलकोटकडचं." मी अर्थ लावत बसलो नाही. चावी घालून पाणी सोडलं. घागरींत धार पडू लागली आणि मला रडू आवरेना.

आठवण काही परत आली नाही. उलट रोज थोडं अधिकच हरवतंय, अशी भीती वाटते. पण त्या दुपारी घरी जाताना रोजच्या चौकात वाट सुचेना, तेव्हा मी सोंग केलं नाही. बायकोला फोन लावला. "घर कुठल्या बाजूला, आठवत नाही गं." एवढं तोंडातून निघालं, हेच मी स्वामींचं देणं मानतो. ती म्हणाली, "तितंच थांबा. येते मी न्यायला."

मी थांबलो.