घंटी वाजण्याआधी उठलेला माणूस

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कोणी जुन्या आठवणी विचारल्या की मला आधी एक प्लॅस्टिकची खुर्ची आठवते. लातूरच्या एका दुकानामागच्या मोकळ्या जागेत ती मांडली होती, तिच्यावर मी बसलो होतो आणि माझ्या डोक्यावर ड्रोन घोंघावत होता. कारण एकच होते. कोठडीत असलेला एक माणूस खरे बोलतो की खोटे, हे शोधायचा दुसरा रस्ता मला उरला नव्हता.

निवृत्तीला थोडेच राहिले असताना मी लोहा तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. भर दुपारी फोन आला की मंगल कार्यालयात ड्रोन कोसळला, एक बाई रक्तबंबाळ झाली, लोक फोटोवाल्याला मारताहेत, लवकर या.

आम्ही पोहोचलो तेव्हा अक्षता तशाच सांडलेल्या होत्या आणि फुलांची टोपली उलटी पडलेली होती. आता लग्नांत नवीनच खूळ निघाले आहे. मंगलाष्टके संपली की ड्रोनला टोपली बांधून नवरा-नवरीवर वरून फुले टाकायची! तो ड्रोन फुले टाकून परत येताना पहिल्या रांगेत बसलेल्या नवरीच्या आत्याच्या डोक्यावर पडला होता. या आत्यानेच आई नसलेल्या त्या पोरीला वाढवले होते. तिला बेशुद्धावस्थेत नांदेडला हलवले आणि ड्रोनवाल्याला आम्ही गर्दीतून ओढून गाडीत घातले. त्याचा सदरा फाटला होता आणि ओठातून रक्त येत होते. तरीही तो एकच वाक्य बोलत होता.

"घंटी वाजलीच न्हाई, साहेब. घंटी वाजलीच न्हाई."

प्रकरण साध्या निष्काळजीपणाचे वाटत होते, पण तसे राहिले नाही. सकाळी ड्रोनवाला उशिरा आला म्हणून नवरीच्या भावाने चार लोकांत त्याची गचांडी धरली होती. "बघून घेतो तुला," असे ड्रोनवाला म्हणाल्याचे सांगणारे साक्षीदारही निघाले. भावाने फिर्याद दिली की याने सूड म्हणून मुद्दाम ड्रोन पाडला. त्यात ड्रोनवाला नांदेडच्या जुन्या मुसलमान घराण्यातला. आजोबांपासून फोटो स्टुडिओ, अर्ध्या जिल्ह्याची लग्ने त्या घराने काढलेली. पण संध्याकाळपर्यंत मोबाईलवर त्याचे आडनाव फिरले आणि लोकांनी निकालही लावून टाकला. ठाण्यासमोर गर्दी हटेना. दुसऱ्या दिवशी बाजारपेठ बंद ठेवायची हाक दिली गेली. जिवे मारण्याच्या प्रयत्नाचे कलम लागले आणि न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. आत्या दगावली असती तर गुन्हा थेट खुनाचा होणार होता. आणि गावाचे काय झाले असते, ते सांगायला नको.

मी त्याला समोर बसवले आणि आधी पाणी दिले. माणूस घाबरलेला असताना विचारलेल्या प्रश्नांना घाबरलेलीच उत्तरे येतात.

"कसली घंटी?"

त्याने समजावून सांगितले. त्याचा ड्रोन तयार मिळणारा नव्हता, ओझे उचलायला त्याने स्वतः सुटे भाग जोडून बनवला होता. त्यात रिमोटच्या खेळण्यांना, शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसल्या बॅटऱ्या वापरायचा. बॅटरीच्या लेबलवर किती ताकद आहे त्याचा आकडा असतो. त्या आकड्यावरून ड्रोन किती वेळ उडेल याचा हिशेब करायचा आणि रिमोटवर घंटी लावायची. घंटी वाजली की खाली उतरवायचे.

"अन् घंटी वाजायच्या आधीच बॅटरी मेली?"

"हाव साहेब. आजून वेळच झाला नव्हता. मी तर वळवून आणत होतो. एकदम दगडावानी खाली आला."

"बॅटरी घेतल्यावर कधी तपासून पाहिलीस?"

"लेबल हाय की, साहेब."

घ्या! लग्नात माणसांच्या डोक्यावरून यंत्र उडवणारा माणूस, आणि भरवसा कशावर, तर चिकटवलेल्या कागदावर. अशा उड्डाणाची परवानगीही त्याच्याकडे नव्हती. त्याचा वेगळा गुन्हा लावला आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. पण निष्काळजी माणूस वेगळा आणि खुनी माणूस वेगळा. पोलिसाला हा फरक करता आला पाहिजे.

त्याच्या पिशवीतल्या उरलेल्या बॅटऱ्या जप्त झालेल्या होत्या. मालखान्याचा हवालदार हात जोडून म्हणाला, "साहेब, ह्या पेट घेतात म्हणं. माझ्या मालखान्यात नगं." म्हणून त्या अंगणात वाळूच्या बादलीत ठेवल्या. तंत्रनिकेतनातल्या एका सरांना पत्र देऊन बोलावले. त्यांनी पंचांसमोर एकेक बॅटरी पूर्ण भरली, मग तिला मोटारीचे दिवे जोडले, मध्ये मीटर लावले आणि विझेपर्यंत जाळले. आम्ही सगळे लांब उभे. एक बॅटरी फुगायला लागली तसा हवालदार भिंतीआड गेला. एकही बॅटरी लेबलवरच्या आकड्याच्या जवळपास गेली नाही. निम्म्याच्या आसपास दिवे मंदावायचे आणि मग एकदम डोळे मिटायचे.

मला वाटले, सुटला गडी. पण बॅटऱ्या विकणाऱ्या लातूरच्या दुकानदाराला जबाबासाठी बोलावले आणि त्याने एका दमात सगळ्यावर पाणी फिरवले. माणूस टापटीप, बोलायला गोड. चहाचा कप ठेवत म्हणाला, "साहेब, माल नवा होता. ह्यांनीच वापरून वापरून बसवला. उन्हात गाडीत ठेवतेत, भलतंच ओझं उचलतेत. जुन्या बैलानं नांगर ओढला न्हाई तर दोष बाजाराचा व्हय?"

बोलणे बिनतोड होते. सरांनीही मान डोलावली. वापराने बॅटरीची ताकद कमी होतेच, आता केलेल्या तपासणीवरून विकतानाची ताकद सांगता येत नाही, असे ते म्हणाले. रुग्णालयातून फोन आला की आत्याला अजून शुद्ध नाही. कोठडीची मुदत संपत आली होती आणि बाहेर गर्दी वाढत होती.

अशा वेळी खबऱ्या कामाला येतो. माझा एक जुना माणूस नांदेडात मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवायचा. त्याचा निरोप आला, "साहेब, लातूरचा तो शेट नव्या बॅटऱ्या विकतो हे सगळ्यांला मालूम हाय. पण जुन्या विकत घेतो हे कुणी बोलत न्हाई. फोटोवाल्यांकडून उचलतो. जुन्या बॅटरीचं तो काय लोणचं घालतो व्हय?"

मी बादलीतली एक बॅटरी मागवली. पंच बसवले. सरांनी हातमोजे घालून वरचे चकचकीत वेष्टण ब्लेडने अलगद कापले. आत दुसरे वेष्टण निघाले, मळकट आणि कडेला विटलेले. आळशी माणसाने जुने काढण्याचेही कष्ट घेतले नव्हते. त्या आतल्या वेष्टणावर मधोमध एक लालसर बोट उमटलेले होते. शेजारी पिवळा डाग.

मी ते लगेच ओळखले. खंडेनवमीला आम्ही ठाण्यात शस्त्रपूजा करतो. रायफलींच्या दस्त्यावर असेच बोट उठते, हळदीचे आणि कुंकवाचे. आमच्याकडचे फोटोवाले त्या दिवशी कॅमेरा, ड्रोन, बॅटऱ्या सगळे पाटावर मांडतात. कारखान्यातून बंद होऊन आलेल्या नव्या बॅटरीच्या पोटात कुंकू कुठून येईल?

मी ती उचलून कोठडीच्या गजांपाशी नेली. "हे कुंकू तुझ्याकडचं?"

एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदा थोडा हसला. "आमच्या घरी बॅटरीला लागलंच तर अत्तर लागंल, साहेब. कुंकू कुठून यावं?"

म्हणजे कोण्या दुसऱ्याने पुजलेली, वापरलेली, टाकलेली बॅटरी नवे कपडे घालून याच्याकडे आली होती. वाटले, आता शेट सापडला. कसला सापडतो! लातूरला त्याच्या दुकानाची झडती घेतली तर फळीवर सगळा माल बंद खोक्यांत. तो म्हणाला, "मला वरून तसाच आला असंल, साहेब. मी पण फसलो. पण आत्ता जो माल हाय तो शंभर टक्के. माझ्या लेकराच्या डोक्यावरून उडवा."

तो असे म्हणेल याची मला जवळजवळ खात्री होती. फसवणारा माणूस नेहमी गरजेपेक्षा एक शपथ जास्त घेतो. मी म्हणालो, "लेकराला कशाला? तुम्ही अन् मी बसू."

आदल्या दिवशी आम्ही बनावट गिऱ्हाईक पाठवून त्याच्याकडून एक बॅटरी विकत आणली होती. ती मी पिशवीतून काढून त्याच्यासमोर धरली. "ही तुमचीच ना?" त्याने लेबल पाहिले, "माझीच," म्हणाला. दुकानामागे रिमोटच्या गाड्या पळवायला मोकळी जागा होती. तिथे दोन खुर्च्या मांडल्या. ड्रोन सरांनी आणला होता, आणि रिमोट मी कोठडीतून आणलेल्या आरोपीच्या हातात दिला.

माझा हवालदार कानाशी आला. "साहेब, ह्यानं मुद्दाम पाडला म्हणून अख्खा तालुका बोंबलून राहिलाय. अन् तुम्ही त्याच्याच खाली बसता?"

"म्हणूनच बसतो," मी म्हणालो. हे कुठल्या नियमात बसत नव्हते, मला ठाऊक आहे. पण कलमांचे पुस्तक उघडून बसलो असतो तर तो माणूस आत गेला असता आणि गाव पेटले असते.

लेबलच्या आकड्यावरून वीस मिनिटांची घंटी लावली. ड्रोन वर गेला आणि आमच्या डोक्यावर स्थिर झाला. आरोपीने रिमोट छातीशी घट्ट धरला होता. त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच उडवत होता. शेट सुरुवातीला हवापाण्याच्या गप्पा हाकत होता. मग गप्पा थांबल्या. मग तो मनगटावरचे घड्याळ बघायला लागला. एकदा घड्याळ, एकदा वर, परत घड्याळ. मीही दोनदा वर पाहिले, उगीच कशाला खोटे सांगू? डोक्यावर यंत्र तरंगताना धीर कोणालाच नसतो.

निम्मा वेळ होत आला तसा तो उठला. "साहेब, जरा लघवीला जाऊन येतो."

"बसा की. घंटी कुठं वाजलीय?"

तो बसला. ड्रोन वाऱ्याने जरासा हलला आणि शेटने खुर्ची उलटी केली. धावत जाऊन तो पत्र्याच्या शेडखाली उभा राहिला आणि तिथून ओरडला, "अहो उतरवा! उतरवा म्हणतो! पडंल आता!"

कोणी हलले नाही. ड्रोन वर तसाच होता. मी खुर्चीत तसाच होतो. सगळे शेटकडे बघत होते आणि शेट वर बघत होता. पडत का नाही, हे त्याला कळेना. घंटी पूर्ण वीस मिनिटांनी वाजली. ती वाजली तेव्हा आरोपीने ड्रोन माझ्या पायांशी अलगद टेकवला आणि मांडी घालून जमिनीवरच बसून रडायला लागला.

मी शेटजवळ गेलो. "वेष्टण तुमचं होतं. आतली बॅटरी सरांच्या कॉलेजची, तपासून घेतलेली. तुमचीच विद्या वापरली. खरंच फसलेला माणूस घंटी वाजेपर्यंत बसला असता."

शेटने पडलेली खुर्ची उचलून सरळ केली. मग म्हणाला, "चला, दाखवतो." पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, पण आरोपीने स्वतः दाखवलेल्या जागेतून निघालेला माल चालतो. शहराबाहेरच्या एका खोलीच्या माळ्यावर जुन्या बॅटऱ्यांची पोती निघाली, शेजारी कोऱ्या वेष्टणांचे रोल आणि ती घट्ट बसवायचे गरम हवेचे यंत्र. पंचनामा करताना बऱ्याच बॅटऱ्यांवर कुंकवाची बोटे दिसली. कोणी श्रद्धेने पुजलेली वस्तू याने दुसऱ्याच्या डोक्यावर टाकायला विकली, याचा मला फार संताप आला.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. एखादा माणूस किती खात्रीने बोलतो हे ऐकत बसू नये. त्याच्या बोलण्याखाली खुर्ची मांडावी आणि त्याला बसायला सांगावे. नंतर पुढाऱ्यांची आश्वासने असोत की साक्षीदारांच्या शपथा, मी मनातल्या मनात ती खुर्ची मांडत आलो. बहुतेक लोक घंटीच्या आधी उठतात.

जिवे मारण्याच्या प्रयत्नाचे कलम वगळले गेले. ड्रोनवाल्याला जामीन मिळाला. गावातली गर्दी जशी आली होती तशीच पांगली, चुकलो म्हणायला मात्र कोणी थांबले नाही. आत्याला शुद्ध आली तेव्हा मी तिचा जबाब घ्यायला नांदेडला गेलो. डोक्याला पट्टी, आवाज बारीक. खाटेशेजारी नवरीचा भाऊ खाली मान घालून उभा होता आणि दाराबाहेर ड्रोनवाला. त्याला आत यायचा धीर होत नव्हता. आत्यानेच हाताने खूण करून त्याला बोलावले.

"आजून उडवतूस का ते?"

"न्हाई, आत्या. हातात घेववत न्हाई."

"उडव की रे बाबा. पोट हाय तुला बी." तिने दम घेतला. "पण आधी खाली तू बस. मंग दुसऱ्याला बशीव."

मी मान वर करून तिच्याकडे बघितले. लातूरच्या खुर्चीची गोष्ट तिला कोणीही सांगितलेली नव्हती. जबाबाच्या कागदात ते वाक्य कामाचे नव्हते, म्हणून तेव्हा लिहिले नाही. आज लिहिले.